रात्री पाऊण वाजताचं ऊन

"तुमच्या गावात रात्री पाऊण वाजता ऊन पडतं का हो?"

शिरूरच्या तहसील कचेरीत समोरच्या पक्षाच्या वकिलांनी हा प्रश्न विचारला आणि मागच्या बाकांवरचे लोक हसले. वकिलांच्या हातात एक फोटो होता. पिवळं पडलेलं गवत, त्यातून नदीकडे उतरणारी एक पायवाट, आणि गवताच्या लांबच लांब सावल्या. आंधळ्यालाही सकाळ दिसावी असा फोटो. पण कोपऱ्यात कॅमेऱ्यानं स्वतः छापलेले केशरी आकडे होते : ००:४६. रात्रीचे बारा वाजून शेहेचाळीस मिनिटं.

फोटो काढणारे सुदामआप्पा समोर उभे होते. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात दोरीला लोंबणारी, कानात घालायची रबरी बोंडं. तिसरी पाळी संपवून ते तसेच आले होते. ते हसले नाहीत, ओशाळलेही नाहीत.

"ऊन सकाळचंच हाय," ते म्हणाले. "घड्याळ मी मागं लावल्यालं हाय."

"चुकून?"

"न्हाई. मुद्दाम."

मी बाकाची कड घट्ट धरली. आदल्याच दिवशी मी त्यांना पढवलं होतं : आप्पा, विचारलं तर बॅटरी गेली होती म्हणा. एवढंच. आमच्या वस्तीची नदीकाठच्या स्मशानभूमीकडे जाणारी वाट तारेचं कुंपण घालून अडवली होती. तिथं वाट नव्हतीच, असं कुंपण घालणाऱ्यांचं म्हणणं. ती होती हे दाखवायला आमच्याकडे सातबारा नव्हता, नकाशा नव्हता. होते फक्त या माणसाचे फोटो. आणि हा माणूस सांगत होता की फोटोवरची वेळ आपण मुद्दाम बदलली आहे.

सुदामआप्पा आमच्या गावचे नव्हते. मूळचे दौंडचे, वडील रेल्वेत होते. बायको आणि आई दौंडला, आणि आप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात. आठवड्याच्या सुट्टीला दौंड गाठायचे, बाकीचे दिवस आमच्या गावात तात्या बागायतदारांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. कारखान्यात त्यांचं काम मापं घेण्याचं. यंत्रातून निघालेला लोखंडी भाग उचलायचा, मापात बसतो का बघायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढचा उचलायचा. चोवीस वर्षं तेच. एवढं मोजून माणूस कंटाळतो. आप्पा कंपनीतून बाहेर पडले की गाव मोजायला घ्यायचे.

त्यांचा हंगाम घटस्थापनेला सुरू व्हायचा आणि त्रिपुरी पौर्णिमेला संपायचा. वर्षभर कॅमेरा पत्र्याच्या पेटीत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मी एकदा विचारलं, याच दिवसांत का?

"पावसाळ्यात समदं हिरवं, उन्हाळ्यात समदं उघडं. दोन्ही टायमाला जमीन गप असती. गवत पिकलं की बोलती. कुठं पानी मुरलं, कुठं गुरं बसली, कुठनं मानसं गेली. समदं सांगती."

गावाभोवती चार-पाच किलोमीटरच्या आत त्यांच्या अकरा जागा होत्या. प्रत्येक जागेवर एक दगड, दगडावर पांढऱ्या रंगानं नंबर. त्यांना ते कंपनीच्या भाषेत पॉइंट म्हणायचे. एक नंबर ओढ्याचा पूल, चार नंबर गायरान, सात नंबर घोड नदीच्या वळणावरची करंजाची झाडं. नऊ नंबर आमची वाट. दगडावर कॅमेऱ्याची तिपाई ठेवायची, छातीच्या उंचीवर खाच पाडलेल्या काठीनं उंची मोजायची, तोंड दर वर्षी त्याच दिशेला, आणि एका जागेचा एकच फोटो. दुसरा नाही. गावातली पोरं हिवाळ्यात मोबाईल घेऊन भिगवणला रोहित पक्षी बघायला जायची. आप्पांना ती बोलवायची.

"त्ये पाव्हणे हाईत," आप्पा म्हणायचे. "त्यांचे फोटू काढायला दुनिया हाय. आपल्या वड्याचा फोटू कोन काढतं?"

आणि दौंडला कॅमेरा का नेत नाही? "तितं मीच पाव्हणा. आठ दिसांतनं एकदा गेल्यालं मानूस काय मोजनार?"

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "माप एकाच जाग्यावरनं घ्यायचं. जागा बदलली की ते माप न्हाई ऱ्हात, मत हुतं." हे वाक्य मला टोचायचं, कारण मी मतांवर जगणारी. माझ्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सभांमधून ती आणायचे, ट्रंकेत साठवायचे. मी अक्षरं गिरवली ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दांवर. अन्याय दिसला की मला पहिला सुचतो तो मथळा.

माणसांचे फोटो आप्पा काढत नसत. गावात एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. कार्यकर्ते फ्लेक्ससाठी फोटो मागायला आले. आप्पा नाही म्हणाले. पोरं हटेनात, तेव्हा म्हणाले, "बरं, सायबांना चार नंबरला गायरानात हुबं करा." पुढारी इस्त्रीचे कपडे घालून, गॉगल लावून गायरानात उभे राहिले. आप्पांनी नेहमीच्या दगडावरून, नेहमीच्या उंचीवरून फोटो काढला. छापून आला तेव्हा गायरान होतं, डोंगराची रेघ होती, चार म्हशी होत्या, आणि म्हशींच्या मागं तिळाएवढे पुढारी होते.

"आप्पा, यात साहेब कुठंयत?" कार्यकर्ता रडकुंडीला आला.

"हायेत की. जेवढे हायेत तेवढे आल्यात."

हे वाक्य गावात वर्षभर फिरलं. फाट्यावरच्या हॉटेलात चहा अर्धा आला तरी लोक म्हणायचे, जेवढा हाय तेवढा आलाय.

त्याच हॉटेलाच्या भिंतीवर ते दर त्रिपुरी पौर्णिमेला त्या वर्षीचे अकरा फोटो चिकटवायचे. खाली नाव नाही, सही नाही. लोक भजी खाता खाता बघायचे आणि म्हणायचे, च्यायला, हे तर आपलंच गाव.

आता वाटेकडे येते.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीतून निघालेली वाट तात्यांच्या पडीक रानातून उतरून नदीकाठच्या स्मशानातल्या चौथऱ्याशी जायची. आजा-पणजापासूनची वाट. तात्या गावातले मोठे बागायतदार. ते कधी कुणाला वाईट बोलायचे नाहीत. आवाज चढवायचे नाहीत. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही 'तुमी' म्हणायचे. आणि त्या वर्षीच्या आषाढात त्यांनी त्याच गोड आवाजात मजुरांना सांगून पडीक रानाला तार ओढून घेतली आणि पाटी लावली : प्लॉट विक्रीस उपलब्ध.

श्रावणात माझी काकू गेली. मला पहिलं पत्रक वाचून दाखवलं ते काकूनं. तिची तिरडी घेऊन आम्ही तारेपाशी आलो. पांढऱ्या कपड्यांतली चाळीस-पन्नास माणसं, वर भुरभुर पाऊस. पलीकडे तात्यांचा गडी उभा.

"तात्या भाईरगावी हायेत," तो म्हणाला. "त्यान्ला इचारल्याबिगर तार सोडता येत न्हाई."

"अरे, मयत हाय!"

"व्हय की. दिसतंय मला. पर मी काय करू?"

तात्यांचा फोन लागेना. दीड तास तिरडी खांद्यावरून खांद्यावर फिरत राहिली. जमिनीवर ठेवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी आम्ही ओढ्यातून गेलो. कमरेएवढ्या गढूळ पाण्यातून, तिरडी डोक्याच्या वर धरून. मधेच माझ्या चुलतभावाचा पाय घसरला, तिरडी एका बाजूला कलली आणि काकूचा हात कापडाबाहेर आला. पाण्याला लागला. तो हात मी कुठल्याच पत्रकात लिहू शकले नाही. अजूनही मोठ्यानं सांगता येत नाही.

मी पत्रक काढलं, तडाखेबंद. हॉटेलाच्या भिंतीवरच्या नऊ नंबरच्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेतला, तो पत्रकात टाकला, आणि वाट डोळ्यांत भरावी म्हणून तिच्यावरून जाड लाल रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात. मी जयभीम घातला, त्यांनीही जयभीम म्हटलं आणि खिशातून पत्रक काढलं.

"ही रेघ कुनी वढली?"

"मी."

"का? वाट दिसत न्हवती व्हय?"

"लोकांना पटकन कळावं म्हणून, आप्पा."

"रेघ वढली की लोक रेघ बघत्यात, ताई. आन् तात्या म्हननार, वाट कुठली, ही तर त्या पोरीनं शाईनं काढलीया." या माणसाला मी पहिल्यांदाच रागावलेलं बघत होते. "तुमच्या घरचं मानूस गेलं, मला कळतंय. पर माझ्या फोटूवर रेघ न्हाई वढायची."

मला वाटलं, झालं, हे आता आपल्यावर केस करतात की काय. पण दुपारी ते परत आले. बगलेत खाकी पाकीट. पाकिटात नऊ नंबरचे चौदा फोटो, चौदा वर्षांचे, एकही वर्ष न गाळता. मी ते ओट्यावर मांडले. करंजाचं झाड मोठं होत गेलं, एक बाभूळ पडली, बांध दोनदा फुटला. वाट मात्र प्रत्येक फोटोत तिथंच होती, भांगासारखी.

"अर्जाला लावा," ते म्हणाले.

"आप्पा, तुम्ही तात्यांच्या खोलीत राहता."

"खोली तात्यांची हाय. फोटू माझं हाईत."

त्या अश्विनात तारेसकट नऊ नंबरचा पंधरावा फोटोही आला. "तार बी आली फोटूत," ते म्हणाले. "आली तर आली. हाय ते हाय."

आम्ही अडवलेल्या वाटेचा अर्ज केला आणि तारीख पडली. अर्जाला लावलेल्या फोटोंवरचे केशरी आकडे माझ्या लक्षात आले ते सुनावणीच्या आदल्या दिवशी. पंधराही फोटोंवर रात्री साडेबारा ते एकच्या मधली वेळ. आप्पांनी कारण सांगितलं, मी ऐकूनही घेतलं, आणि तरी म्हणाले, हे कुणाला पटणार नाही, बॅटरी गेली म्हणा. ते काहीच बोलले नाहीत. मी त्यालाच होकार समजले.

तर, कचेरीतला तो 'मुद्दाम'.

"का पण?" तहसीलदार मॅडमनी विचारलं. त्या चष्मा काढून आप्पांकडे बघत होत्या.

"मॅडम, मी तिसऱ्या पाळीचा मानूस. आमच्या कंपनीत तारीख रात्री बाराला बदलत न्हाई. सकाळी सातला बदलती, पाळी सुटली की. रात्री दोनला घेतल्यालं माप कालच्याच तारखेला लिवायचं, असा नियम. चोवीस वरसं तसंच लिवतोय. कॅमेऱ्यात बाराला तारीख बदलली की माझा निम्मा दिस हिकडं, निम्मा तिकडं. वहीशी मेळच बसंना. म्हून घड्याळ सात तास मागं लावलं. सातला त्याचं बारा वाजत्यात. तितनं माझा दिस चालू हुतो."

"म्हणजे तुमचा दिवस वेगळा आणि गावाचा वेगळा?" वकील म्हणाले.

"व्हय. तिसऱ्या पाळीच्या समद्यांचाच येगळा असतो."

या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कंपनीच्या शर्टातले दोघंतिघं होते, त्यांनी माना हलवल्या. पण वकील वकील होते. "मॅडम, साक्षीदार स्वतः कबूल करतोय की घड्याळ खोटं लावलं. तास खोटा, तर वर्ष खरं कशावरून?"

मॅडमनी पंधराही फोटो एकेक करून पाहिले. मग त्या म्हणाल्या, "मी फोटोंवर जाणार नाही. जागा बघेन. दिवाळी झाल्यावर पहिल्या सोमवारी, अकरा वाजता."

"अकरा?" आप्पा एक पाऊल पुढं सरले. "मॅडम, पावणेआठला या. अकराला वाट मरती."

"मरते म्हणजे?"

"ऊन डोक्यावर येतं. सावली जाती. समदं गवत सारखंच दिसतं."

"मला अकराच जमतील," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर मी फुटले. "एक शब्द, आप्पा! बॅटरी! तेवढं म्हणायला काय झालं होतं? ते सगळे खोटं बोलतात, रोज बोलतात, आणि आपणच तेवढे हरिश्चंद्र!"

ते शांतपणे कानातल्या बोंडांची दोरी गुंडाळत होते. "पंधरा वरसं दर साली बॅटरी जाती व्हय, ताई? आन् वहीत एक रीडिंग खोटं निघालं की आमच्याकडं आख्खी वही फाडत्यात. तुमची वाट त्या वहीत हाय."

मी जास्तच रागावले आणि त्यांना तिथंच सोडून निघाले.

त्याच संध्याकाळी तात्या आप्पांच्या खोलीवर गेले. दारातच उभे राहून, गोड आवाजात म्हणाले, "आप्पा, राग मानू नका. दिवाळी झाली की पोराचं लगीन काढायचंय. खोल्या लागतील." आप्पा म्हणाले, बरं. तात्यांचा पोरगा तेव्हा नववीत होता.

दिवाळी संपली. पाहणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, माझी चुलतबहीण धापा टाकत आली. नदीच्या अंगाला धूर होता. आम्ही धावलो. तात्यांचं पडीक रान पेटलं होतं. वणवा नव्हता तो. कडेनं गडी पाठीवर फवारणीचे पंप घेऊन उभे होते, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. कुसळी तडतडत होती. गुडघ्याएवढं पिवळं गवत बघता बघता काळं होत होतं. तात्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते.

"काय तात्या हे?" माझ्या वडलांनी विचारलं.

"गवत लई माजलं व्हतं. सापाकिरडाची भीती," तात्या म्हणाले. "उद्या मॅडम यायच्यात. त्यान्ला चालायला नीट नगं का?"

वस्तीतली चार पोरं तारेकडे धावली. वडलांनी त्यांना धरून ठेवलं. उद्या पाहणी आणि आज मारामारी, हेच तर त्यांना पाहिजे होतं. मी घरी आले आणि कागद ओढला. मथळा लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला. हातातलं पेन कागदातून आरपार गेलं. पंधरा वर्षं गवतात दिसलेली वाट, आणि गवतच नाही.

आप्पा दौंडला होते, सुट्टीला. मी फोन लावला.

"आप्पा, जाळलं. सगळं जाळलं."

"किती?"

"तारेपासून नदीपर्यंत. चौथऱ्यापर्यंत."

पलीकडे रेल्वेची लांबलचक शिट्टी ऐकू आली.

"आत कोन गेलं का? इझवायला?"

"नाही."

"जाऊ बी नका. सकाळपत्तुर कुनी पाय घालायचा न्हाई. मी पाळी करून येतो. नऊ नंबर घेतल्याबिगर तितलं काय हलवायचं न्हाई."

मी फोन ठेवला तेव्हा मला या माणसाची चीड आली होती. आमची माणसं ओढ्यातून जाताहेत आणि याला आपल्या नंबराची पडली आहे!

सोमवारी सकाळी मी त्यांचं ऐकलं नाही. सात वाजताच तारेखालून सरकून आत गेले. पायाखाली राख, नाकात करपट वास. रान असं काळं होतं की डोळे कुठं ठरत नव्हते. मी चालत चालत मधोमध जाऊन उभी राहिले आणि तिथं मला रडू फुटलं. मोठ्यानं. कुणी बघत नव्हतं म्हणून.

स्कूटरचा आवाज आला. वर नऊ नंबरच्या दगडापाशी आप्पा उतरले. तिपाई काढली, काठी लावली, उंची मोजली. जणू रोजचाच दिवस. मग ते वाकून कॅमेऱ्यातून बघत बराच वेळ तसेच राहिले. एवढा वेळ त्यांना कधीच लागायचा नाही. मग ताठ झाले आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले.

"ताई! बाजूला सरा!"

"काय?"

"बाजूला सरा! तुमी तिच्यावर हुब्या ऱ्हायलाय! वाट झाकतीय!"

मी खाली बघितलं. माझ्या पायाखाली राख नव्हती. हरळी होती. जमिनीला चिकटलेली, टोकं करपलेली, पण बुडाशी हिरवी. माझ्या पुढं दोन हात रुंदीचा पट्टा होता, मागंही होता. दोन्ही बाजूंना काळंभोर, आणि मधून हिरवट रेघ थेट चौथऱ्यापर्यंत. डोळ्यांना दिसली नव्हती, पण पाय मला तारेपासून नेमके तिच्यावरूनच घेऊन आले होते.

मी काळ्या रानात चार पावलं सरकले. वर आप्पा पुन्हा वाकले. एक फोटो. दुसरा नाही.

मी धावत दगडापाशी गेले. ते तिपाई मिटत होते.

"तुडवल्याल्या जाग्यावर कुसळी येत न्हाई," ते म्हणाले. "हरळी येती. कुसळी वाळती, पेटती. हरळी वली असती, नुस्ती होरपाळती."

"तुम्हाला माहीत होतं? काल फोनवर का नाही सांगितलं?"

"अंदाज व्हता. अंदाज म्हंजी माप न्हाई."

अकरा वाजता मॅडम आल्या. ऊन डोक्यावर होतं, सावली कुठंच नव्हती, आणि सावलीची गरजही नव्हती. त्या तारेपाशी उभ्या राहिल्या आणि काही न विचारता चालू लागल्या. हिरव्या पट्ट्यावरून, थेट खालपर्यंत. मागं तलाठी, तात्या, वकील आणि आम्ही. चौथऱ्यापाशी त्या थांबल्या.

"गुरांची वाट असंल, मॅडम," तात्या गोड आवाजात म्हणाले. "गुरं जात्यात पान्यावर."

"पाणी अजून पन्नास पावलं पुढं आहे, तात्या," मॅडम म्हणाल्या. "ही वाट पाण्यापर्यंत जातच नाही. इथं चौथऱ्याशी संपते. गुरं इथं कशाला येतील?"

तलाठ्यांनी पंचनामा लिहायला घेतला.

मी मागं वळून वर पाहिलं. दगडापाशी स्कूटर नव्हती. खोली रिकामी करायची होती, टेम्पो सांगितला होता, रात्री पुन्हा पाळी होती. सुदामआप्पांना आपल्या फोटोचं काय झालं हे बघायलाही सवड नव्हती. संध्याकाळपर्यंत ते दौंडला निघून गेले. तिथूनच कंपनीच्या बसनं पाळीला ये-जा करू लागले.

निकाल माघात आला. वाट खुली करावी. तार निघाली. त्या दिवशी मी पत्रक काढलं, पण फोटोशिवाय. कुठल्याही फोटोवर आता माझ्या हातून रेघ ओढवत नव्हती.

अलीकडे दौंडच्या बाजूचा एकजण सांगत होता की भीमेच्या काठाला कुणीतरी दगडांवर पांढरे नंबर टाकलेत, लोकांना वाटतं सरकारी मोजणी आली. एक ते सहा झालेत म्हणे. म्हणजे आता ते तिथले पाहुणे राहिले नाहीत, एवढं कळलं.

आमच्याकडे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निकालानंतरच्या अश्विनात. सकाळी वस्तीतल्या दहाबारा बायका आणि मी त्या वाटेनं नदीकडे निघालो होतो. चौथऱ्याभोवतीचं गवत काढायचं होतं. कुसळी पुन्हा गुडघ्याएवढी आलेली, पिवळी. मधून वाट, वर्षभर पाय लागून स्वच्छ झालेली. हसणं-खिदळणं चाललं होतं. मधेच मी वर पाहिलं तर नऊ नंबरच्या दगडापाशी स्कूटर. निळा शर्ट तिपाईमागं वाकलेला, हलत नव्हता.

"अगं, फोटूआप्पा!" एक बाई ओरडली. "चला, हुबं ऱ्हावा समद्या. आपला फोटू काढत्यात!" बायकांनी पदर सारखे केले, विळे मागं लपवले, वाटेवर ओळीनं उभ्या राहिल्या. एकीनं तर मूठ वर केली.

निळा शर्ट तसाच वाकलेला राहिला. वाट बघत.

"चला," मी म्हणाले. "पुढं चला. पार चौथऱ्याच्या पलीकडं."

"का गं? फोटू?"

"त्यांना फोटोत आपण नको आहोत. चला लवकर, ऊन वर यायच्या आत."

कुरकुरत सगळ्या निघाल्या. मी त्यांना चौथऱ्याआडच्या उताराला नेलं आणि शेवटची बाई दिसेनाशी झाल्यावर स्वतः खाली बसले. घड्याळात पाहिलं. सात शेहेचाळीस.

उठून वर पाहिलं तेव्हा ते तिपाई मिटत होते. त्यांनी खाच पाडलेली काठी एकदा डोक्याच्या वर उचलली, खाली केली, स्कूटरला बांधली, आणि फाट्याकडे निघून गेले.